हरणाऱ्या संघानं नवा चढाईपटू घ्यावा का?

शिराळ्याहून पेठ नाक्यावर यावं, हमरस्त्यानं कराडच्या बाजूला वळावं, की नेर्ले मागे टाकून कासेगाव लागतं. वाळवा तालुक्यातलं हे गाव कबड्डीच्या जगात काशिलिंग अडकेमुळे ओळखलं जातं. २०१५ साली प्रो कबड्डी लीगच्या दुसऱ्या हंगामात सर्वोत्तम चढाईपटूचा मान त्याला मिळाला. तेव्हा तो दबंग दिल्लीकडून खेळत होता. लीगमध्ये संघ होते आठ, उपांत्य फेरीत जाणार होते चार, आणि दिल्ली त्या चारांत नव्हती.

सगळ्यात चांगला चढाईपटू ज्यांच्याकडे, तोच संघ मागे कसा राहतो? आपल्याकडे जत्रेतल्या स्पर्धेत संघ हरला की मैदानाच्या कडेला बसलेल्यांचं निदान ठरलेलं असतं: "चढाईला माणूसच नाही. एक तगडा गडी आणा." त्याच हिशेबानं गावोगावची मंडळं स्पर्धेपुरता बाहेरचा गडी आणतात, आणि लीगचे मालक लिलावात कोटीच्या पुढे बोली लावतात. हे निदान कधी बरोबर असतं आणि कधी चुकतं, ते कबड्डीच्या नियमांतूनच नीट उलगडतं. त्यासाठी मॅटवरच्या गड्यापेक्षा बाद होऊन बाहेर बसलेल्या गड्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

बाहेर बसलेला गडी

क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला की त्या डावापुरता त्याचा विषय संपतो. फुटबॉलमध्ये गोल करणारा पूर्ण नव्वद मिनिटं मैदानात राहू शकतो. कबड्डीचं तसं नाही. इथे बाद झालेला गडी परत येतो, पण स्वतःच्या बळावर येत नाही. त्याच्या साथीदारांनी समोरचा गडी मारला किंवा पकडला, तरच त्याला उठता येतं. एक गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत.

यात दोन बारकावे आहेत. पहिला, गडी ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं उठतात. समजा आपले तीन गडी आधीच बाहेर बसलेत आणि चौथा म्हणून मुख्य चढाईपटू बाद झाला. आता तो आत यायला साथीदारांनी समोरचे चार गडी बाद करायला हवेत. दुसरा, बोनस गुणानं कुणीही उठत नाही. फलकावर एक गुण वाढतो, बाहेरची रांग तशीच राहते.

म्हणजे मुख्य चढाईपटूची पकड झाली की त्यानंतरची मिनिटं त्याच्या हातात नसतात. ती कोपरारक्षकांच्या, मध्यरक्षकांच्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या चढाईपटूंच्या हातात असतात.

आकड्यांत मांडून पाहू. सामना चाळीस मिनिटांचा. समजा एखादा गडी मॅटवर असताना दर पाच मिनिटांना दोन गुण आणतो आणि सामन्यात पाच वेळा बाद होतो. त्याचे साथीदार त्याला दर वेळी तीन मिनिटांनी उठवत असतील, तर तो पंधरा मिनिटं बाहेर आणि पंचवीस मिनिटं आत राहतो. त्याचे गुण होतात दहा. आता तोच गडी, तेच कसब, पण साथीदार दीड मिनिटात उठवणारे. तो साडेबत्तीस मिनिटं खेळतो आणि गुण होतात तेरा. त्याच्या खेळात काडीचाही फरक पडलेला नाही, तरी तीन गुण वाढले. तीन गुणांचं मोल किती? १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला दहाव्या हंगामाचा अंतिम सामना पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५ असा जिंकला.

हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. विहिरीचे झरे आटले असतील, तर पाचाच्या जागी साडेसात एचपीची मोटर बसवून पाणी वाढत नाही. विहीर तेवढी लवकर तळाला जाते आणि मोटर बंद करून झरे भरायची वाट पाहत बसावं लागतं. झरे जिवंत असतील तर मात्र मोठ्या मोटरचं सोनं होतं. चढाईपटू ही मोटर आणि त्याला उठवणारे साथीदार हे झरे.

चौकट: नियम चार ओळींत

एका संघाचे सात गडी मॅटवर असतात आणि एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची असते.
लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. नाही तर चढाई करणारा बाद होतो.
समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो.
तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली तर एक गुण जादा मिळतो. सगळा संघ बाद झाला तर लोण चढतो: समोरच्यांना जादा दोन गुण मिळतात, आणि बाद झालेले सातही गडी परत आत येतात.

तिसरी चढाई कुणी करायची?

दुसऱ्या चढाईपटूची खरी किंमत या तिसऱ्या चढाईत कळते. संघात एकच भरवशाचा गडी असेल तर समोरचा संघ घाई करत नाही. त्याला अंगावर न घेता लांबूनच खेळवतो, एक-दोन बोनस देऊनही टाकतो. आपल्या दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला कोण येणार हे त्यांना ठाऊकच असतं, आणि सापळा त्याच्यासाठीच लावलेला असतो. उजवा कोपरा पुढे सरकून घोटा धरतो, शेजारचा मध्यरक्षक अंगावर येतो, साखळी बंद होते. ज्या चढाईत गुण आणणं सक्तीचं असतं, तिथे चढाईपटूला माघारी फिरायची सोय नसते.

ही तिसरी चढाई करणारा दुसरा गडी संघात असेल, तर तो पकडला गेला तरी मुख्य चढाईपटू मॅटवर राहतो. एखादा गडी सामन्यात तीन-चारच गुण आणतो, त्यातल्या दोन चढाया अशा जोखमीच्या असतात, आणि लिलावात त्याच्यावर कुणी मोठी बोली लावत नाही. गुणतक्त्यात त्याचं काम दिसत नाही. संघ त्याच्यावर उभा असतो, असं मला दर हंगामात वाटत आलं आहे.

चंदगडच्या सिद्धार्थची गोष्ट

सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली सहाव्या हंगामात यू मुंबाकडे आला, किंमत ३६ लाख ४० हजार. पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे २१८ गुण मिळवले. यू मुंबा बाद फेरीत पोहोचली आणि पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून हरली.

पुढच्या वर्षी लिलावात तेलुगू टायटन्सनं सिद्धार्थसाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातला तो सगळ्यात महागडा खेळाडू ठरला. आता तो भारी किमतीच्या ओझ्याखाली दबला असेल असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. सातव्या हंगामात त्यानं चढाईचे २१७ गुण मिळवले, आदल्या वर्षापेक्षा फक्त एक कमी. ज्यासाठी पैसे दिले ते सगळं टायटन्सना मिळालं. आणि बारा संघांत टायटन्स अकराव्या राहिल्या.

यू मुंबाचं काय झालं? सिद्धार्थ गेल्यावर त्यांनी चढायांचा भार अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल आणि अतुल एम. एस. यांच्यात वाटला. यातलं एकही नाव तेव्हा सिद्धार्थएवढं मोठं नव्हतं. पण मागे इराणचा फझल अत्राचली डाव्या कोपऱ्यात आणि सुरिंदर सिंग मध्यरक्षणात होता. यू मुंबानं बाद फेरीत हरियाणाला हरवलं आणि उपांत्य फेरीत बंगाल वॉरियर्सकडून ३५-३७ अशा दोनच गुणांनी हार पत्करली. आपला सर्वोत्तम चढाईपटू गमावून संघ एक पायरी वर चढला.

सिद्धार्थमध्ये काही कमी होतं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. टायटन्समध्ये त्याच्या पाठीमागे गुणांत जवळपास येईल असा दुसरा चढाईपटू नव्हता. तो आत असताना संघ झुंजायचा आणि तो बाहेर बसला की घड्याळ संघाच्या विरोधात चालायचं.

लिलावात किंमत कशी फुगते

इथे खेळाच्या नियमांबरोबर पैशाचा नियमही काम करतो. लिलावात बारा संघ एकाच गड्याचा अंदाज बांधतात. कुणाला तो ऐंशी लाखांचा वाटतो, कुणाला एक कोटीचा, कुणाला दीड कोटीचा. यातला कुठला तरी अंदाज बरोबर असेल, पण गडी मिळतो तो सगळ्यात मोठा अंदाज बांधणाऱ्याला. म्हणजे लिलाव जिंकणारा बहुतेक वेळा जरुरीपेक्षा जास्त मोजणाराच असतो. त्यात तळाशी राहिलेल्या संघाला प्रेक्षकांना काहीतरी दाखवायचं असतं, त्यामुळे हात आवरता घेणं त्याला आणखी अवघड जातं.

शिवाय किंमत ठरते ती आदल्या हंगामावर. एखाद्याचा हंगाम अपूर्व गेला तर त्यात कसब असतंच, पण दुखापत न होणं, चांगली साथ मिळणं, समोरच्यांना तो नवखा असणं हेही असतं. पुढच्या वर्षी समोरचे संघ त्याची एकेक हालचाल व्हिडिओवर पाहून आलेले असतात.

आणि पैसा मोजकाच असतो. दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती पाच कोटींची, आणि संघात किमान अठरा खेळाडू लागत होते. टायटन्सनी पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. तो तोवरचा लीगमधला सर्वाधिक भाव होता. उरले २ कोटी ३९ लाख ५० हजार, आणि किमान सतरा गडी. सरासरी चौदा लाख. एवढ्यात दोन नावाजलेले कोपरारक्षक आणायचे म्हटलं तरी बाकीच्या पंधरा जणांसाठी फारसं काही उरत नाही.

पवननं त्या हंगामात चढाईचे दोनशेच्या वर गुण मिळवले. टायटन्सनी बावीसपैकी दोन सामने जिंकले आणि त्या शेवटच्या, बाराव्या राहिल्या. आदल्या हंगामात, पवन नसतानाही, त्यांनी दोनच जिंकले होते.

पवनशिवाय तमिळ थलायवाज

याच पवनची आधीची गोष्ट तर याहून विचार करायला लावणारी आहे. २०२२ च्या नवव्या हंगामात त्याला तमिळ थलायवाजनं सव्वादोन कोटींहून अधिक मोजून घेतलं होतं. हा संघही तोवर कायम धडपडणारा. बाद फेरी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पहिल्याच सामन्यात गुजरातविरुद्ध पवनचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम संपला. संघाची सुरुवात वाईट झाली, मध्येच प्रशिक्षकही बदलला.

मग नरेंदर नावाच्या तरुणाच्या वाट्याला मुख्य चढाया आल्या. लिलावात त्याच्यासाठी कुणी कोटी मोजले नव्हते. नव्या तरुण खेळाडूंच्या योजनेतून तो संघात आला होता. त्यानं चढाईचे २४३ गुण मिळवले. साताऱ्या-सांगलीच्या मैदानांवरही ज्याचं नाव घेतलं जातं तो आपला अजिंक्य पवार त्याला साथ देत होता. उजव्या कोपऱ्यात सागर राठी, डाव्या कोपऱ्यात साहिल गुलिया अशी जोडी जमली. थलायवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले आणि तिथे पुणेरी पलटणकडून ३७-३९ असे हरले.

यातून मला एक गोष्ट पटली आहे. चढाईपटू तरुणपणी अचानक उमलतो. वेग, लवचिकता, धाडस ही विशीतली शिदोरी असते, आणि अशी मुलं गावोगावच्या मैदानांवर सापडतात. कोपऱ्याची जोडी तशी सापडत नाही. उजव्यानं पाय धरला त्याच क्षणी डाव्यानं आणि मध्यरक्षकानं झेपावलं पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला तर तिघेही बाद. ही समज एकत्र खेळूनच येते. म्हणून जे घडवता येतं ते विकत घ्यायचं आणि जे मुरायला वेळ लागतो ते हंगामागणिक मोडायचं, हा हरणाऱ्या संघांचा उलटा हिशेब आहे.

पुणेरी पलटणनं दहाव्या हंगामात सुलट हिशेब केला. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे दोघे तरुण खेळाडूंच्या योजनेतून आलेले आणि संघानं जपलेले. सोबत पंकज मोहिते आणि आकाश शिंदे. एकाचेही चढाईचे गुण दोनशेला पोहोचले नाहीत. मोठी रक्कम, २ कोटी ३५ लाख, त्यांनी मोजली ती इराणच्या मोहम्मदरझा शादलूसाठी, आणि तो मुख्यतः पकडी करणारा. त्यानं पकडीचे ९९ गुण मिळवले. म्हणजे जवळपास शंभर वेळा त्यानं समोरचा गडी बाहेर पाठवला आणि आपला बाद गडी आत आणायची वाट मोकळी केली. साखळी फेरीच्या बावीस सामन्यांत पलटण फक्त दोन हरली.

मग नवा गडी कधीच घेऊ नये?

घ्यावा, पण एकटा घेऊ नये. पुणेरी पलटणच पहिल्या दोन हंगामांत, २०१४ आणि २०१५ साली, तळाशी होती. तिसऱ्या हंगामात त्यांनी मनजित छिल्लरला आणलं आणि संघ थेट तिसरा आला. पण मनजित चढाईही करायचा आणि पकडही. बाद होणं आणि उठवणं दोन्ही बाजू तो सांभाळायचा. शिवाय त्याच वर्षी अजय ठाकूर आणि दीपक हुडाही संघात आले. मोटर बदलली तेव्हाच विहीरही खोल केली होती.

टायटन्सनाही हे पुढे साधलं. २०२४ च्या अकराव्या हंगामात पवन त्यांच्याकडेच राहिला, पण या वेळी विजय मलिकसारखा अष्टपैलू साथीला होता. पवन दुखापतीनं काही सामने बाहेर होता तेव्हाही संघ कोसळला नाही. आदल्या वर्षी दोन सामने जिंकणाऱ्या संघानं बारा जिंकले.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकन फुटबॉलवाल्यांचा वादही अगदी हाच आहे. लांबट चेंडूच्या त्या खेळात चेंडू फेकून चाल रचणाऱ्या गड्याला क्वार्टरबॅक म्हणतात. १९३६ पासून तिथे लिलावाऐवजी निवड होते: नव्या खेळाडूंतून पहिली निवड आदल्या वर्षी तळाशी राहिलेल्या संघाची. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स या नव्या संघानं पहिल्या निवडीत डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला. त्याला वाचवणारी पुढची फळी कच्ची होती. त्या एका हंगामात तो हातात चेंडू असतानाच ७६ वेळा आडवा पाडला गेला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. उलट १९९८ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनं पेटन मॅनिंगला निवडलं. पहिल्या वर्षी सोळापैकी तीनच सामने जिंकले. तरी त्याला बदललं नाही, भोवती माणसं आणली, आणि दुसऱ्याच वर्षी तेरा जिंकले.

म्हणून माझं मत असं: संघ थोडक्या गुणांनी हरत असेल, पकडी नीट होत असतील आणि फक्त तिसऱ्या चढाया वाया जात असतील, तर नवा चढाईपटू जरूर घ्यावा. संघ मोठ्या फरकानं हरत असेल, दर सामन्यात दोन-तीन लोण चढत असतील, तर आधी दोन कोपरे बसवावेत, मग दुसरा चढाईपटू, आणि मोठं नाव सगळ्यात शेवटी.

शिराळा-वाळव्याच्या मंडळांना एक विनंती. येत्या स्पर्धेत बाहेरचा गडी ठरवण्याआधी, एका पोराच्या हातात वही आणि घड्याळ देऊन त्याला कडेला बसवा. आपला मुख्य चढाईपटू दर वेळी किती वाजता बाहेर गेला, किती वाजता आत आला आणि त्याला कुणी उठवलं, एवढंच तो लिहू दे. चार सामन्यांची वही भरली की सगळे मिळून वाचा, आणि पैसे कुणावर घालायचे ते त्यानंतर ठरवा.